पावसानं तापणारा डबा

तुम्ही हसाल, पण माझं डोकं अजून जाग्यावर नाय. नात पुण्याला गेली आणि जाताना तिचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मला देऊन गेली. बटणं माझी मी शिकले. त्यात शेतीचा खेळ आहे. मी कापूस लावला, निंदला. पण पाऊस सुरू झाला की डबा तापायचा आणि टीव्ही काळा! तीनदा लावला, तीनदा पहिल्याच सरीत गेला. पडेगावात माझ्या खिडकीसमोर एकच रान उरलंय, बाकी सगळे प्लॉट. त्या रानातही नुसती धूळ. निदान डब्यात तरी पीक यावं म्हणून छावणीतल्या सलीमच्या दुरुस्तीच्या दुकानात डबा घेऊन गेले.

"आजी, पाऊस दाखवायला मशीनला लई जोर लागतो. म्हणून गरम होतंय."

"अरे, पावसानं गार व्हायचं का गरम?"

"इसमें गरमच होता."

"मग उपाय?"

त्यानं बटणं दाबली. "पाऊस बंद केला. आता दिवसभर खेळा."

"आणि माझा कापूस?"

"वो तो सूख जाएगा, आजी."

मी डबा पिशवीत घातला. म्हटलं, "सलीम, वाळलेलं रान बघायला बटणं कशाला दाबू? ते खिडकीतून दिसतंय की!"