शेवटची पानं कापलेली नाहीत

नाही नाही, ताई, ते पुस्तक विकायचं नाही — कपाटात ठेवलंय म्हणजे विकायला ठेवलंय असं थोडंच असतं? बसा. स्टुलावरचे गठ्ठे खाली ठेवा आणि बसा. प्रबंध लिहिताय म्हणालात ना, या कादंबरीवर? 'निरिच्छ नायक आणि झपाटलेपणाचं प्रतीक' — वा! विषय ऐकूनच भूक मेली माझी. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण जुनी पुस्तकं विकता विकता जेवढं पोटात गेलं त्यावर सांगतो — या नायकासारखा रडतराऊत अख्ख्या जिंबोचोत, या जुन्या पुस्तकांच्या पेठेत, शोधून सापडायचा नाही. नोकरी सोडतो. का? त्यालाही माहीत नाही. मग घरातल्या भिंतीत एक दार उगवतं — काल नव्हतं, आज आहे — त्याला पितळी मूठ. आता तुम्ही-आम्ही काय करू? उघडू! हा मूठ घासत बसतो. रोज. पलीकडून बाईचा आवाज येतो, "जेवायला येताय ना?" हा म्हणतो, "आलोच," आणि नवं फडकं घेतो. दोनशे पानं, ताई! आणि तुमचे प्राध्यापक म्हणतात, मूठ म्हणजे प्रतीक. कसलं प्रतीक? आळस आहे तो, शुद्ध आळस — चकाकी आणलेला.

चहा घ्या. बाहेर काय बघताय, ऊन नाही म्हणून? आमच्या रांगेतली सगळी दुकानं उत्तरेकडे तोंड करून — उन्हानं पुस्तकं विटतात ना. माझ्या बापानंही उन्हाकडे पाठ करूनच धंदा केला, मीही. काही बिघडलं? काही नाही बिघडलं.

हं, तर लेखक. कुझे. टोपणनाव. माणूस की बाई, कोणालाच ठाऊक नाही — तेही लिहा प्रबंधात, वजन येईल. या पुस्तकासाठी लोक वेडे होतात हे मात्र खरं. मागे आमच्या व्यापाऱ्यांच्या लिलावात एक प्रत आली. जुन्या पद्धतीचा लिलाव होता — लाखेच्या वाटीत आतून आकडा लिहायचा आणि वाटी उपडी सरकवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. मी लिहिला आकडा. वाट्या उलटल्या, आणि सगळं दालन हसायला लागलं — माझ्या खालचा आकडा माझ्या निम्म्याइतकाही नव्हता! तो त्सुरुओका, नकाशेवाला, तो तर मांड्या थोपटत ओरडला, "अरे शिगेमात्सू, बायको सोडून गेली तेव्हा स्टेशनपर्यंत गेला नाहीस, आणि तिच्या पुस्तकावर ही बोली!"

...म्हणजे — चेष्टा हो. तो तसाच आहे, तोंडाळ. त्याचं काय मनावर घ्यायचं.

तिकडे काय बघताय? राखदाणी आहे ती. मी सिगारेट ओढत नाही. बिया आहेत, उमेबोशीच्या, खारवलेल्या आलुबुखारच्या, जेवणातल्या. टाकवत नाहीत, राहतात. — हो, माहितीये, नायकही राखदाणीत बिया साठवतो. चाळिशीपुढची बाईमाणसं ज्या नवऱ्यांबरोबर राहतात ना, ते सगळे काही ना काही साठवतात. लेखकाला कुठूनतरी उचलावंच लागतं. पण निदान विचारायचं तरी! मी मिसोच्या सूपचं भांडं उतू जातंय म्हणून ओरडतोय आणि बायको, फुमिए बाई, आमच्याच जेवणाच्या मेजावर पेन्सिल चावत बसल्यात — मला काय ठाऊक, माझीच मूठ घासली जातेय!

बरं, आता कळलंच आहे तर ऐका. ही प्रत तिनंच ठेवली, जाताना, गल्ल्याशेजारी. जुन्या थाटाची बांधणी — पानं कडेला जोडलेली, वाचणाऱ्यानं सुरीनं कापत जायचं. म्हणाली, "शेवटपर्यंत वाचा. पटलं तर ओतारूची गाडी पकडा, मी तिथे असेन." बस, एवढंच. मी कापत गेलो, वाचत गेलो. शेवटच्या पानांपाशी थांबलो. का म्हणजे? न कापलेल्या प्रतीला किंमत असते, धंद्याची गोष्ट आहे! — हो, हो, अर्धी कापलेली प्रत कोणी फुकट घेत नाही, मला शिकवू नका. आणि लिलावातली दुसरी? ती कापलेलीच होती. वाचली नाही. सुतळीनं बांधलेली आहे ना ती! गाठ कोण सोडणार? हिचा मात्र मी दर पावसाळ्यात वरचा कागद बदलतो, नवा, झिरझिरीत — बघा कशी चकाकते. हात लावू नका.

काय? तुम्ही वाचलंय? सगळं? हां — ग्रंथालयाची प्रत कापलेली असणारच. म्हणजे तुम्हाला माहितीये तो दार... नाही, थांबा. सांगू नका. तशा बघूही नका माझ्याकडे, तुमच्या चेहऱ्यावर वाचता येतंय सगळं. तो उघडतो, की ती आतून... नको म्हटलं ना!

ती सुरी तिथेच असू द्या, ताई. ती कागद कापायची आहे. पुस्तक द्या इकडे. द्या. — चला, उठा आता, दुकान बंद करायची वेळ झाली.

दुपारचे तीन? असू देत. आलोच म्हणावं... कोणाला काय, कोणाला नाही. फळी लावायचीय मला. या तुम्ही.