बिनदेवाचा उपास

उपासाचं मला सांगू नका, आमच्या आत्याचं ऐका. परदेशात शिकून आलो तेव्हापासून मी तब्येतीसाठी दुपारपर्यंत काही खात नाही. त्या दिवशी खमरियाच्या कारखाना-वसाहतीत आत्याच्या क्वार्टरमध्ये डोकं ठणकत होतं, उठलो तर गरगरलं.

“काहून असा पांढरा पडला? घे, साबुदाण्याची खिचडी. उपासाचीच आहे.”

“आत्या, माझ्या उपासात मीठ-पाण्याशिवाय काहीच चालत नाही.”

“अच्छा! कोणत्या देवाचा आहे?”

“देवाचा नाही.”

“मग मोडला तर कोपणार कोण?”

“मी!”

तेवढ्यात माझं पोट जोरात गुरगुरलं.

“बघ, कोपला!”

मी मीठ-पाणी प्यायलो आणि बारापर्यंत खिचडीच्या ताटलीसमोरच मांडी ठोकून बसलो. मग ताटली ओढली.

“थांब, गरम करून देते.”

“नको आत्या, गारच खातो. जिंकलेली आहे.”