पुढं म्हणजे कुठं

जिंतूरच्या बसस्टँडवर दैवशाला परभणीच्या गाडीची वाट बघत बसली होती. तिच्या पुढ्यातच भरलेला टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर बन्सीधर हमाल रायभानवर तापला होता.

"रायभान, येलदरीची मासळी कुठंय?"

"पुढं हाय की. तुमीच म्हनले, मासळी पुढं ठेव."

"पुढं म्हंजे आधी उतरायची. परभणीत पहिलं दुकान मासळीवाल्याचं हाय."

"म्हनून तर एकदम पुढं ठेवली, केबिनला खेटून."

"आन् फाळक्याकडं काय हाय?"

"पेंडीची साठ पोती. ती मागं."

"आरं, फाळका उघडला की पुढं पेंडच दिसायली."

"तुमी फाळक्याकडून बघायलाव, बन्सीभाऊ. गाडीचं तोंड तिकडं हाय."

"बरं, बाजूचा फाळका उघड."

"तिथं कपाट हाय. ते शेवटी उतरायचं म्हनून आडवं लावलं."

"खाली बर्फाचं पाणी गळायलंय, आन् अकरानंतर मासळीवाल्याच्या गल्लीत टेम्पो सोडत न्हाईत. समदी पोती उतरव. मासळी मागं आन."

"मागं म्हंजे आता पुढं ना?"

बन्सीधरनं एकदा टेम्पोच्या तोंडाकडं बघितलं, एकदा फाळक्याकडं. मग तो दैवशालाकडं वळला.

"मावशी, तुमीच सांगा याला, पुढं म्हंजे कुठं."

दैवशालानं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तेवढ्यात परभणीची बस लागली. ती चढली, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"चला, पुढं सरका, पुढं," कंडक्टर म्हणाला.

दैवशाला पिशवी पोटाशी धरून जागीच उभी राहिली.

"कुठल्या पुढं, भाऊ?"