नंबराची बादली

(वेस्ट विंडसर या अमेरिकन गावातल्या एका लायब्ररीचं प्रदर्शनाचं दालन. प्रदर्शन लावतेय प्रीता. निवृत्त डॉक्टर हेमचंद्र, तिचे वडील, कमिटीचे अध्यक्ष.)

प्रीता : बाबा, मी हे पेंटिंग हलवणार नाही. कमिटीला सांगा तसं.

हेमचंद्र : कमिटी कशाला, मीच सुचवलंय. दारात शिरल्या शिरल्या हे? पिठाच्या पोत्यावर रंगवलेल्या बादल्या! आत कॉरिडॉरमध्ये लाव.

प्रीता : रेस्टरूमशेजारी? नो वे. शनिवारी हे काढणारी रूडो स्वतः येतेय, पार आफ्रिकेतल्या बुलावायोहून. समोरची भिंत तुझी, असं मी तिला प्रॉमिस केलंय.

हेमचंद्र : अगं, पण चित्र अपुरं आहे. एक माणूस नाही त्यात.

प्रीता : तोच तर पॉइंट आहे!

हेमचंद्र : कसला पॉइंट? बादल्या, एक चेपलेला डबा... आणि मध्येच हा दगड?

प्रीता : तिच्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही. लोक रांगेत बादली ठेवून, नंबर लावून कामाला जातात. जिच्याकडे एकच बादली आहे तिला ती घरी लागते, म्हणून नंबराला दगड. बाबा? इतक्या जवळून काय बघताय?

हेमचंद्र : या बादलीच्या कडीला काय बांधलंय?

प्रीता : लाल चिंधी. ती रूडोच्या आईची बादली. ओळखू यावी म्हणून.

हेमचंद्र : आमच्या घागरीला हिरवी होती.

प्रीता : काय?

हेमचंद्र : चिंधी. आईच्या जुन्या लुगड्याची. सोलापूरला, गल्लीतल्या नळावर. घागर रांगेत लावायची आणि इस्पितळात आयाच्या कामाला पळायची.

प्रीता : आया? आजी नर्स होती ना?

हेमचंद्र : नर्स तू म्हणालीस. लहान होतीस. मी नुसतं हो म्हटलं. लाज वाटली, दुसरं काय.

प्रीता : इतकी वर्षं, बाबा?

हेमचंद्र : ऐक. एकदा ती परत आली, तर घागर रांगेबाहेर. कुणीतरी उचलून भिंतीशी ठेवलेली. मला वाटलं, आता भांडणार. पण तिने घागर रांगेच्या शेवटी नेऊन लावली आणि शेजारी उभी राहिली. पाणी मिळेपर्यंत जागची हलली नाही.

प्रीता : कामावरून दमून आलेली?

हेमचंद्र : तशीच. आणि आज मीच हिची बादली उचलायला निघालो होतो! एवढं शिकून अक्कल कुठे गेली माझी?

प्रीता : मग कमिटीला काय कळवू?

हेमचंद्र : मी कळवतो. कमिटीतली आसावरी कुरकुरेल, कुरकुरू दे. हे इथून हलायचं नाही. आणि शनिवारी रूडोला घ्यायला एअरपोर्टला मी येणार.

प्रीता : थँक यू, बाबा. समोर बसायला तो बाक सरकवू का?

हेमचंद्र : नको. उभं राहूनच बघू देत.