पडणाऱ्यांच्या कुस्त्या

चहा निवू द्या, आधी ऐका. तुम्ही म्हणता, नव्या गड्यांच्या कुस्त्या बघायला कोण येतं? गोऱ्या सायबाच्या राज्यात आमचे पाटीलही हेच म्हणाले होते.

रनाळ्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला आधी कच्च्या गड्यांच्या कुस्त्या रेवड्यांच्या बक्षिसावर लागायच्या, मग मोठ्या. पाटलांनी कच्च्यांच्या बंद केल्या. म्हणाले, "पडणारास्ले कोण देखी?"

आमचे वस्ताद म्हणाले, "पाटील, कच्चा गडी पडाले शिकना नही, ते उद्या उभा कसा ऱ्हाई?"

पाटलांनी ऐकलं नाही. वर्षभरात तालीम ओस पडली. मीही लंगोट सोडून कपाशीची गाडी हाकू लागलो.

त्यानंतरच्या चौथ्या जत्रेला नंदुरबारचा पैलवान आला आणि हात वर करून मैदानाला फेऱ्या मारू लागला. तीन फेऱ्यांत गावातल्या कोणी हात मिळवला नाही, तर मानाचा फेटा परगावी जायचा, अशी आमची रीत. तिसरी फेरी लागली. आम्ही सगळे खाली बघत बसलो.

"वस्ताद, कोणी शे का?" पाटलांनी विचारलं.

साठीच्या वस्तादांनी सदरा काढून माझ्या मांडीवर टाकला, जाऊन हात मिळवला आणि पापणी लवायच्या आत ते स्वतःच पाठीवर आपटले.

दोघांनी धरून उठवलं. हात मिळवला होता, म्हणून फेटा गावातच राहिला. पाठीची माती न झटकता ते पाटलांसमोर उभे राहिले.

"आते देखं ना पडणाराले?"

पुढच्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्या सकाळीच लागल्या. वस्ताद घरी खाटेवर पडून हलगी ऐकत होते.