वायरिंग कुणी केलं

बोनेट लावू नका, सर, राहू द्या तसंच. मिस्त्री येईपर्यंत थांबतो म्हणताय — थांबा की, पर ते बीडला गेलेत, दुपार व्हईल त्यांना. आन् काम काय एवढं मोठं तुमचं — वरचे दोन हेडलाइटचे बल्ब, खालचे दोन फॉगलाइटचे. मी करते. कावून, भ्या वाटतंय? बाईमाणसानं गाडीत हात घातला म्हणून? बसा त्या स्टुलावर. शाळेला पहाटं निघता, धरणाजवळ धुकं लागतं, समोरचं दिसत न्हाई — तुमी मालकांना फोनवर सांगितलं, त्यांनी मला सांगितलं. आमचे मालक म्हणजे सुंदरराव, तुमी मिस्त्री म्हणता तेच, पाटीवर नाव हाय त्यांचं.

आता हे शंभर वॉटचे आणलेत ते डब्यात ठेवा. कंपनीची वायर साठ वॉटच्या हिशोबानं असती, बारीक — जादा करंट ओढला की आधी होल्डर वितळतो, मग वायर पेटती. जादा करंट झेलायला रिले पाहिजे, जाड वायर पाहिजे, फ्यूज पाहिजे, आन् एवढं करून कायद्यात बसत न्हाई ते न्हाईच. तसंबी धुक्यात पांढरा झगझगीत उजेड उलटा तुमच्याच डोळ्यांवर येतो. वर साठचाच चांगला बल्ब, खाली पिवळा, आन् धुकं लागलं की लाइट डिमवर. ते फडकं द्या जरा — न्हाई, काचेला बोट लावायचं नसतं, बोटाचं तेल लागलं की बल्ब तिथंच तडकतो. कुठं शिकले? माहेरी, चकलांब्याला. वडील ट्रॅक्टरचं वायरिंग करायचे. लग्न झालं तवा मालकांना यातलं काही येत नव्हतं — न्हाई, तसं न्हाई म्हणायचं मला. पंक्चर काढता येत व्हतं.

अकरा वर्षं झाली. वायरिंग मी करते, गिऱ्हाइकाशी ते बोलतात. मला कधी वाईट वाटलं न्हाई — घरचंच दुकान, नाव कुणाचं लागलं म्हणून काय बिघडतंय. मागच्या माघापर्यंत असंच वाटायचं. विजयसिंह म्हणून पुढारी हायेत इथले, त्यांना जीपला शंभर वॉटच पाहिजे व्हते. मोठ्या माणसाला न्हाई कोण म्हणणार? मी मालकांना म्हणलं, रिले मंगळवारी येईल, तवर जुनेच राहू द्या — आन् आईला बघायला माहेरी गेलते दोन दिवस. मालकांना दम निघाला न्हाई. विजयसिंहांचा फोन आला, ह्यांनी दिले बसवून, त्याच बारीक वायरीवर. फ्यूज उडायला लागला तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार. मग साखरपुड्याला निघालेली जीप, पुलावर धूर. पुढच्या शिटावर त्यांची सून करिष्मा, मांडीवर लेकरू. कशीबशी उतरली. कुणाला काही झालं न्हाई — पर लेकरू व्हतं हो, सर.

मी आले ती थेट जीपजवळ. फ्यूजबॉक्स उघडला, तार हाताला लागली, काळीठिक्कर. आन् माझ्या मागं मालक सांगत व्हते, पंधरा माणसांसमोर — वायरिंग आमची बायको करते, साहेब, मी किती सांगितलं तिला, बाईला काय कळतंय त्यातलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, सर. पहिल्यांदा त्यांनी लोकांत सांगितलं की काम मी करते. मग मी काय बोलले? चुकलं माझं, म्हणलं. तार मुठीत धरून म्हणलं. खरं बोलले असते तर दुकान बसलं असतं, म्हणून — असं मी आपलं सांगते स्वतःला. मला वाटलं, घरी गेल्यावर तरी म्हणतील, वनमाला, माझं चुकलं. जेवले आन् झोपले. सकाळी म्हणले, थोडे दिवस गिऱ्हाइकासमोर येऊ नको. ते थोडे दिवस अजून संपले न्हाईत, मागच्या खोलीत बसून वायरींचे जुडगे, हार्नेस बांधते मी, आज ते नव्हते म्हणून पुढं आले. करिष्मा बाजारात दिसली की तोंड फिरवती. तिचा राग न्हाई मला, ती लेकराची आई हाय. दगा दिला तो माझ्याच माणसानं. हे मी कावून सांगतेय तुमाला? आईलाबी सांगितलं न्हाई आजवर.

लावा बघू लाइट. समोरच्या भिंतीवर बघा — डावी-उजवी एका उंचीला हाय? थोडी खाली पाडते, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जायला नको. आता पिवळी. झालं.

मोटारसायकल वाजली, आले बघा मालक. — लवकर आलात. हो, झालंय काम, सर मघापासून इथंच बसलेत.

सर, त्यांचा हात कावून हातात घेताय? लाइट फर्स्टक्लास केली मिस्त्री — त्यांना म्हणताय? ते तर आत्ता गाडीवरून उतरले. मी बोलले ते सगळं ऐकलंत ना तुमी, इथं बसून, या स्टुलावर? मग सांगा की त्यांना. एवढंच सांगा, की काम बाईंनी केलं.

बरं. राहू द्या. काढा गाडी, सर, मागं रिक्षा उभी हाय.