अकरा बायकांचं दूध

...आन् वर मलाच इचारतीया, "मावशी, पेशंट कोण?" आता तुमाला सांगते, बारामतीच्या दवाखान्यात आमचे मालक शेजारी बसलेत, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून, आन् ही डॉक्टरीणबाई पट्टा बांधतीया माझ्या दंडाला. म्हनलं, बाई, पेशंट ते हायत, मी न्हाय.

तीस वरसं मालकांनी कन्हेरीत डेरी चालवली. गावाचं दूध त्यांच्या हातनं गेलं. आता इसर पडलाय, तीन वरसं झाली. पोराचं नाव गेलं, माझं गेलं, पर डेरी काय गेली न्हाय बघा. उजाडलं की ओट्यावर खुर्ची टाकून बसत्यात. अकरा बाया दूध घालून गेल्याबिगर उठायचं न्हाय, च्या न्हाय, गोळी न्हाय. एकदा म्या कट्टाळा केला, तर बायांना हुडकत पार भिगवण रोडला गेले, उसाच्या ट्रॅक्टरम्होरं उभे... तवापासनं अकरा बाया मीच. मागल्या दारानं भाईर, घराला वळसा, म्होरनं ओट्यावर. पदर कवा डोक्यावर, कवा खांद्यावर. किटलीत पानीच, च्यापुरतं दूध घालून पांढरं केल्यालं. हे आपली दुधाची डिग्री मोजायची नळी बुडवत्यात आन् म्हनत्यात, "बाई, पानी हाय ह्यात. परत न्या." आता खोटं तरी कसं म्हनू? अर्धी नेली तर, "वासराला पाजलं व्हय सगळं?" म्हंजी भरूनच न्यायची. अकरा येळा.

ऋषिराज, आमचा ल्योक, एमआयडीसीतनं फोन करतो, "आई, आप्पांनी गोळी घेतली का?" घेतली. "जेवले का?" जेवले. ठेवला फोन. त्याचं तरी काय चुकलं? पेशंट ते हायत, मी न्हाय.

तर ती डॉक्टरीणबाई. आधी मालकांना तपासलं, म्हनली, "बाबांचं बीपी एकदम छान." छानच असनार की ओ, रोज खुर्चीत बसून माझं दूध परत लावत्यात! मग माझ्या कपाळाचा घाम बघितला, पट्टा बांधला. "मावशी, छातीत दुखतं?" दुखत न्हाय, नुसतं दाटतंय. किटली उचलली की डाव्या हातात उतरतंय. "कधीपासून?" दिवाळीपासनं. "मग दवाखान्यात आला का नाहीत?" आता गं बया... येते की दर म्हयन्याला. ह्यांना घेऊन.

तिला काय हसू आलं न्हाय. मला आडवी पाडली, छातीला वायरी लावल्या. कागद बघून म्हनली, हृदयाला रक्त पुरत नाही, पुढच्या तपासण्या करू, तोवर वजन उचलायचं नाही, आराम करा. आराम! मी भिंतीकडं तोंड केलं. खरं सांगते, भ्या वाटलं. मरनाचं न्हाय ओ... मी गेल्यावर ह्यांना अकरा बाया कुठनं आनायच्या?

तवर मालकांनी तो कागद हातात घेतला. चष्मा वर केला, डेरीत बसल्यागत. म्हनले, "बाई, गाय गाभन असली की शेवटचं दोन म्हयनं आटवत्यात तिला. दूध काढत न्हाईत. जनावराला बी इसावा लागतोय. तुमी आता दूध घालू नका." तुमाला सांगते, तीन वरसांत माझ्याकडं बघून बोलले ते पैल्यांदा. मी रडले तितंच, वायरीसकट.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. म्हनलं, खुद्द डेरीवाल्यानं सुट्टी दिलीया, पडावं जरा. बाजेवरच राह्यले. थोड्या येळानं हे आले, पायाशी उभे राह्यले. म्हनले, "अहो बाई, आमच्या एका बाईला म्या सुट्टी दिलीया. लई दमली हुती बिचारी. तिच्या जागंवर तुमी या."

पेशंट ते हायत, मी न्हाय. उठले. किटली तेवढी अर्धीच भरली... डॉक्टरीणबाईचं कायतरी ऐकाया नको का?